चाळीस युरोची पत्रपेटी

राहे गावात नोव्हेंबरला रंग नसतो.
बेकरीतून पहाटे परतताना
तिसऱ्या मजल्यावरची एकच खिडकी निळी दिसायची:
तूक्का हापासालो, गेम बनवतोय.
चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचा,
समुद्रसुद्धा तो एकटाच भरत होता
लाटेमागून लाट.

आमच्या इमारतीत वर्षातून दोनदा सावड असते,
आम्ही तिला तालकोत म्हणतो.
पानं गोळा करायची, सायकलींची शेड रंगवायची,
मग राइलीच्या हातचं वाटाण्याचं सूप.
तूक्का कधी खाली उतरला नाही.
पाळीचा बर्फ मात्र काढायचा, काटेकोर,
पट्टी लावून आखल्यासारखा,
शेजारच्या पायरीवर फावडं वीतभरही सरकू न देता.
"मी कुणाचं देणं लागत नाही," म्हणायचा.
आपला हात जगन्नाथ.

आणि त्याच माणसाने
दोन हजार तीनशे चौदा अनोळखी लोकांपुढे तो हात पसरला.
पसरला नाही म्हणे. ही वर्गणी नव्हे, कर्ज नव्हे,
हा "पाठिंबा".
मी चाळीस युरो भरले.
चाळीसवाल्यांना बेटावरच्या गावात एक पत्रपेटी,
पेटीवर नाव.
दोनशेवाल्यांना होडी.

पहिल्या वर्षी दर महिन्याला पत्र आलं:
दीपगृहाचा जिना,
बाईच्या शालीत वारा शिरतो तो क्षण.
दुसऱ्या वर्षी ऋतूगणिक एक.
तिसऱ्या वर्षी एकच शब्द, "लवकरच",
तोही दोनदा.

लोक चिडले.
ब्रनोतल्या एका दंतवैद्याने विचारलं, माझी होडी कुठाय?
कुणी लिहिलं, चोर.
कुणी लिहिलं, आजारी असशील तर तसं सांग.
शेवटी त्याने हिशेब मांडला, आणि तो वाचून
मी बेकरीच्या मागच्या पायरीवर बसून राहिले:
भाडं. भाडं. वीज. दाढ काढली. भाडं.
उसन्या आणलेल्या चेलोची दुरुस्ती.
चैन कुठेच नाही.
असती तर बरं झालं असतं,
रागाला बसायला जागा मिळाली असती.

अजून भांडते मी स्वतःशी.
विकत घेतलं होतं का काही? मग माल द्या.
दान दिलं होतं? मग तोंड मिटा.
की ही सावडच होती,
फक्त फावडं एकट्याच्या हातात
आणि आम्ही सगळे आपापल्या खिडकीत उभे,
सुपाची वाट बघत?
गाव करील ते राव काय करील, म्हणतात.
आम्ही गाव होतो का पण?
एकमेकांची नावंही माहीत नव्हती.

फेब्रुवारीत त्याने होतं तेवढं सगळं उघड्यावर ठेवलं.
"घ्या. याहून जास्त माझ्याच्याने होत नाही."
भाच्याने चालू करून दिलं.
बेट आहे. दीपगृहाचा जिना सातव्या पायरीशी संपतो.
समुद्र अर्धा, पुढे नुसतं पांढरं,
आणि त्या पांढऱ्यावर चालता येतं.
घरांना दारं आहेत, दारांमागे घरं नाहीत.
पत्रपेट्या मात्र सगळ्या आहेत,
सहाशे अकरा, एकही नाव चुकलेलं नाही,
माझ्या नावातल्या अक्षरावरचे दोन ठिपकेसुद्धा जागच्या जागी.
झाकण उघडतं. बारीक कुरकुरतंही.
आत काही नाही.
बराच वेळ ते मी उघडंच ठेवलं.

आज मंगळवार, पाळी त्याची.
खिडकी काळी.
कामावरून आले तशीच फावडं घेतलं,
दारापासून फाटकाकडे निम्मी वाट मोकळी केली
आणि थांबले.
"पुरं कर की आता!" राइली वरून ओरडली.

फावडं उचलून तिसरा मजला चढले,
त्याच्या दाराला टेकवलं.
पात्यावरचा बर्फ वितळून पायपुसण्यावर गळायला लागला.
घंटी वाजवायची नाही, असं ठरवून गेले होते.
वाजवली.